बाबांच्या सायकलची घंटी

सहीवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो असं म्हणतात. मी एकवीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या सह्या पाहतो आहे. मला अजून कुणाचा स्वभाव दिसलेला नाही. खात्यात पैसे नाहीत एवढंच काय ते दिसतं, आणि तेही सहीवरून नव्हे. मात्र या एकवीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. नमुना सहीशी काना-मात्रेसकट तंतोतंत जुळणारी सही समोर आली की जाणता कारकून खुर्चीत सावरून बसतो. खरा माणूस दोनदा सारखी सही करूच शकत नाही. कधी घाई असते, कधी पेन अडतं, कधी बायको मागे उभी असते. तंतोतंत सही करतो तो खोटी सही करणारा, कारण त्यानं ती रात्रभर बसून गिरवलेली असते.

या ज्ञानामुळे मला बँकेत बढती मिळाली नाही. पण टीव्हीवरचे गुप्तहेर पाहताना त्याचा फार उपयोग झाला. पुस्तकातला गुप्तहेर म्हणजे नमुना सही. लेखकानं ती एकदा करून कार्डावर चिकटवलेली असते. पडद्यावरचा नट करतो ती विड्रॉल स्लिपवरची सही. टोपी, पाइप, नाकाचा बाक, सगळं पुस्तकाबरहुकूम जुळवून आणलेला नट दिसला की माझा हात आपोआप मॅनेजरच्या केबिनकडे वळतो. म्हणावंसं वाटतं, साहेब, जरा बघून घ्या.

आता बाळापूरच्या माणसानं गुप्तहेरांविषयी का बोलावं, हा प्रश्न रास्त आहे. आमचं गाव गुन्ह्यांसाठी प्रसिद्ध नाही, किल्ल्यासाठी आहे. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, तो बांधायला घेतला आणि अचलपूरच्या नवाबानं १७५७ साली पुरा केला. किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये आहे. नद्यांची नावं खरोखरच अशी आहेत. मन आणि म्हैस यांचा संगम याखेरीज मी फक्त आमच्या बँकेच्या दुधाळ जनावरांच्या कर्जात पाहिला आहे. एवढा थोरला किल्ला असलेल्या गावात निदान एखादं भुयार, एखादा गुप्त खलिता, एखादा बरासा खून असायला हरकत नव्हती. पण माझ्या लहानपणी गावातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे एका कोंबडीचं. ती नंतर सापडली.

म्हणून आम्ही आमची गुन्ह्यांची भूक वाचनालयात भागवत असू. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या आमच्या वाचनालयात जेवढ्या होत्या त्यांची शेवटची पानं फाटलेली होती. त्यामुळे झुंजारनं शेवटी काय केलं हे मला पुष्कळदा स्वतःच ठरवावं लागलं. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्सही तिथंच भेटला. तो इतकं चांगलं मराठी बोलत होता की बरेच दिवस मी त्याला पुण्याचा समजत होतो. स्वभावही जुळत होता.

पुस्तकातला हेर मनात असा पक्का बसल्यावर टीव्ही आला. १९८५ साली ‘करमचंद’ सुरू झालं तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला त्यातले खून आठवत नाहीत, गाजरं आठवतात. पंकज कपूर गाजर खातो आणि खुनी सापडतो एवढं आमच्या आईला कळलं आणि घरात गाजरांचा मारा सुरू झाला. खुनी सोडाच, मला हरवलेलं पाटीचं बोळकंसुद्धा सापडलं नाही. पण पंकज कपूरचं काम मात्र पुढे मोठेपणी पाहिलं तेव्हाही ताजं वाटलं. करमचंद कुठल्या जुन्या पुस्तकातून आलेला नव्हता. त्याची नमुना सहीच नव्हती. त्यानं सरळ नवीन खातं उघडलं.

पुस्तकातून आलेल्यांचं तसं नसतं. १९८६ साली सत्यजित रायांचा फेलूदा ‘किस्सा काठमांडू का’ मध्ये दूरदर्शनवर आला. दिग्दर्शन त्यांचे चिरंजीव संदीप राय यांचं. फेलूदा झाले होते शशी कपूर. पुस्तकातला फेलूदा सडपातळ, तरतरीत तरुण. शशी कपूर तोवर चांगले खात्यापित्या घरचे दिसू लागले होते. सही देखणी, पण जुळेना. उलट त्यात लालमोहनबाबू झालेले आपले डॉ. मोहन आगाशे पाहा. मराठी माणूस, बंगाली लेखकाचं पात्र, बोलणं हिंदी, आणि सही पहिल्या नजरेत पास!

(जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. ‘एक शून्य शून्य’ आणि पुढे १९९८ पासून ‘सीआयडी’ या मालिकांत पोलीस अधिकारी झालेले शिवाजी साटम नट होण्याआधी बँकेत कॅशिअर होते. त्यांची ती बोटं फिरवत संशय घेण्याची लकब लोकांना अभिनय वाटते. आमच्या खात्यात सगळेच नोटा मोजून झाल्यावर तसं करतात.)

आणि मग १९९३ साली ब्योमकेश बक्षी आला. बासू चॅटर्जींची मालिका, ब्योमकेश झालेला रजित कपूर, त्याच्या कथा लिहून ठेवणारा मित्र अजित म्हणजे के. के. रैना. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसलेली असे. पहिल्या भागात धोतर नेसलेला एक साधा माणूस आला आणि खुर्चीत बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकू लागला. आम्ही वाट पाहत राहिलो की आता गुप्तहेर येईल. बऱ्याच वेळानं कळलं की हाच तो. शेजारच्या काकू म्हणाल्या, “हा तं आपल्या तलाठ्यासारखा दिसते.” तो स्वतःला डिटेक्टिव्हही म्हणवून घेत नसे. त्याला तो शब्दच आवडत नसे, तो म्हणे मी सत्यान्वेषी. आईला मात्र गुन्ह्यांपेक्षा ब्योमकेशच्या संसारात रस, कारण त्याची बायको सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी. आपली मुलगी बंगाल्यात दिली आहे, तिथं तिचं नीट चाललं आहे ना, अशा नजरेनं आई ती मालिका पाही.

हे सासर तसं फार परकं नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय हे सिनेमाच्या कथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यातच राहिले. १९३२ साली जन्माला घातलेल्या ब्योमकेशला त्यांनी मध्ये बरीच वर्षं रजेवर पाठवलं होतं. पुण्याच्या मुक्कामात तो चांगला रुजू झाला. १९७० साली शरदिंदु वारले तेव्हा त्याची शेवटची कथा अर्धवटच राहिली. म्हणजे कलकत्त्यातल्या कितीतरी खुनांचा तपास पुण्यात बसून झालेला आहे. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या एका मराठी पोरावरही त्यांनी बंगाली मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. हे आमच्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मंग बरोबर आहे.” काय बरोबर आहे ते तिनं सांगितलं नाही.

तर ‘रास्ते का काँटा’ नावाचा तो भाग. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. पण नव्वदी ओलांडलेल्या गोष्टीतला खुनी आणखी किती दिवस लपवायचा?

कलकत्त्याच्या रस्त्यावर चालता-चालता माणसं मरून पडू लागतात. आवाज नाही, हत्यार नाही. छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. शेवटी ब्योमकेश शोधून काढतो की खुनी सायकलवरून येतो, घंटी वाजवतो, माणूस वळून पाहतो आणि घंटीतूनच पिन सुटते. स्प्रिंगचा आवाज घंटीच्या आवाजात बुडून जातो. आणि हा खुनी कोण? साळसूद चेहऱ्याचा एक विमा एजंट.

आमच्या खोलीत शांतता पसरली. मग अर्ध्या गल्लीनं हळूहळू माना वळवून दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीत माझे वडील बसले होते. माझे वडील विमा एजंट होते. ते पारस, वाडेगाव, व्याळा, निंबा अशी सगळी गावं सायकलवरून फिरत. आणि बाळापुरात ते पंचक्रोशीत कशासाठी प्रसिद्ध असतील तर घंटीसाठी. ते चौकात शिरले की वळणापलीकडच्या बकऱ्या बाजूला होत.

दुसऱ्या दिवसापासून गावानं बाबांना सोडलं नाही. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले, “एजंटसाहेब, पहिले घंटी दाखवा, मंग पॉलिसीचं बोलू.” किराणा दुकानदार हात जोडून म्हणाला, “आमच्या दुकानापुढून सायकल हातात धरून चाला बाप्पा, आमाले लेकरंबाळं हायेत.” वाडेगावच्या एका म्हातारीनं मालिका पाहिली नव्हती, पण ऐकलं होतं. तिनं दार अर्धवट लोटून हप्ता फटीतून दिला आणि नेहमीची लिंबंही फटीतूनच एक-एक करून दिली. बाबा हसत होते. उलट ते म्हणत, “हे पाहा भाऊ, घंटीचा काय भरवसा? म्हणूनच म्हणतो, विमा काढून ठेवा.” त्या महिन्यात बाबांचा धंदा वाढला.

माझं तसं झालं नाही. शाळेत पोरं मी वर्गात शिरलो की छाती धरून बाकावर कोसळू लागली. त्याचंही काही नव्हतं. खरी गोष्ट मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. बारा वर्षांच्या मला बाबांचा संशय आला होता.

हसू नका. ब्योमकेशच्या पद्धतीनं विचार करा. बाबांची एक लाल पुठ्ठ्याची डायरी होती. तिच्यात माणसांची नावं, गावं आणि पुढे तारखा होत्या. काही नावांवर बरोबरची खूण होती. आणि तीन नावांपुढे लाल शाईनं लिहिलं होतं, ‘मयत. दावा मंजूर.’ दुपारी सगळे झोपले असताना ती डायरी मी माळ्याखालच्या अंधारात बसून वाचली आणि माझ्या अंगाला घाम फुटला. मग मी कंपासपेटीतला कर्कटक घेतला, ओसरीत उभ्या असलेल्या सायकलशी गेलो आणि घंटी उघडली.

आत दोन दातेरी चाकं होती, गंज होता आणि एक मेलेला कोळी होता. ग्रामोफोनची पिन नव्हती. मला जे हायसं वाटलं ते कसं सांगू? दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तेवढं वाटलं नाही, आणि तो निकाल तर अनपेक्षितच होता. मात्र या आनंदात घंटीतली स्प्रिंग टुणकन उडाली आणि धान्याच्या कोठीखाली गेली. मी वाटी तशीच वर बसवून टाकली. त्यानंतर ती घंटी ‘खट्’ एवढंच म्हणायची. बाबा चार-आठ दिवस तिला अंगठा लावून पाहत राहिले, मग त्यांनी तिचा नाद सोडला. पुढे कितीतरी वर्षं ते चौकातून “ओ भाऊ, बाजूला!” असं ओरडत जात. गावाला वाटलं, एजंटसाहेबांनी चेष्टेपायी घंटी बंद केली, मनाला लागलेलं दिसतं. लोकांची चेष्टा थांबली. मी गावाचा गैरसमज दूर केला नाही.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि मोबाइलवर परदेशातले गुप्तहेरही घरबसल्या भेटू लागले. ग्रॅनाडा कंपनीच्या मालिकेत १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं जेरेमी ब्रेट होम्स झाला होता, ४१ भाग. हा गृहस्थ होम्सच्या सवयींची ७७ पानांची टिपणं जवळ बाळगून काम करी. म्हणजे गिरवण्याची कमाल! माझ्या हिशेबानं ही सही खोटी ठरायला हवी. पण पाहू लागलो आणि गप्प झालो. तो एका क्षणात डोळे मिटून पडतो, दुसऱ्या क्षणी फर्निचरवरून झेप घेतो, आणि मध्येच असा हसतो की डॉ. वॉटसननं नाडी पाहावी असं वाटतं. शेवटच्या भागांत तो खराच आजारी होता, औषधांनी अंगावर सूज आली होती. तरी तो उभा राहून होम्सची सही करत होता. हात थरथरत होता म्हणूनच ती खरी वाटत होती. १९९५ साली तो गेला.

डेव्हिड सुशेनं मात्र माझा सिद्धांत जरा लंगडा केला. त्यानं अगाथा ख्रिस्तीचा पॉइरो १९८९ पासून २०१३ पर्यंत केला. आधी पुस्तकं वाचून पॉइरोच्या ९३ लकबींची यादी केली आणि त्या सगळ्या तंतोतंत पाळल्या. मिशीचा केस इकडचा तिकडे नाही. आणि तरी माणूस खरा! शेवटी मला आठवलं की असाही एखादा खातेदार असतो. चाळीस वर्षं तीच सही, तेवढीच, तिथंच. तो बहुधा पेन्शनर असतो.

पण ब्रेट आणि सुशे पाहताना तुम्ही त्यांच्याकडेच पाहत राहता. रजित कपूर समोर असला की तुम्ही बोलणाऱ्याकडे पाहू लागता, कारण तोही तिकडेच पाहत असतो. पुढे एकवीस वर्षं काउंटरवर बसून मला कळलं की हे काम सोपं नाही. माणूस आपलं गाऱ्हाणं सांगत असताना मध्ये “पुढे बोला” न म्हणणं मला अजून जमलेलं नाही.

२०२० चा मार्च संपत आला तेव्हा टाळेबंदी लागली आणि दूरदर्शननं रामायण-महाभारताबरोबर ब्योमकेश बक्षीही पुन्हा काढला. सगळं जग घरात होतं, बँकवाले कामावर होते. जनधन खात्यावरचे पाचशे रुपये काढायला बायकांची रांग लागलेली असे. ज्या वेषात एरवी कुणी शिरलं असतं तर दारावरच्या गार्डनं बंदूक उचलली असती, त्या वेषात, तोंडाला फडकं बांधून, सगळं गाव आत येत होतं. चेहरा नाही, अंगठ्याला सॅनिटायझर, सही घाईची. त्या दिवसांत मी फक्त डोळ्यांवरून माणसं ओळखायला शिकलो.

एके दिवशी घरी आलो, अंगणातच आंघोळ केली, आत आलो तर बाबा टीव्हीसमोर. वय सत्त्याहत्तर. पडद्यावर कलकत्ता, रस्ता, सायकल. तोच भाग.

मी शेजारी बसलो. म्हणालो, “बाबा, हा आठवते का?”

“आठवते ना. माह्या घंटीचा.”

“लोकं लई हसले होते तुमाले.”

“हसले. पन हप्ते टायमावर भरले.” थोडा वेळ ते पाहत राहिले. मग नजर न हलवता म्हणाले, “घंटी तू उघडली होती.”

माझ्या घशात काहीतरी अडकलं. सत्तावीस वर्षं जुनं प्रकरण! “तुमाले कसं कळलं?”

“कर्कटकाचं टोक वाकडं होतं. स्प्रिंग तुह्या आईले झाडताना कोठीखाली भेटली. अन् तू आठ दिवस माह्या डोळ्यात पाहत नव्हता.” मग जरा थांबून, “डायरी बी वाचली होती. मयतच्या पानावर तेलाचा अंगठा होता. त्या दिवशी घरी भजे होते.”

“मंग बोलले काहून नाही?”

“काय बोलू? तू उघडून पाहिलं ना? काय सापडलं?”

“गंज.”

“मंग.”

हा तपास इथंच मिटला असता. पण मला त्या तीन नावांचं विचारल्याशिवाय राहवेना. दोन म्हातारे होते, बाबा म्हणाले, त्यांचं काही नव्हतं. तिसरा निंब्याकडचा एक तरणा शेतकरी. पॉलिसी काढल्यावर सहाव्या महिन्यात वावरात साप चावून गेला. इतक्या लवकर मेला म्हणून वरच्या लोकांना संशय. त्यात अर्जावरची त्याची सही दुसऱ्या कागदावरच्या सहीशी जुळेना. “मी अकरा खेपा मारल्या अकोल्याले,” बाबा म्हणाले. “त्यायले म्हटलं, साहेब, मानूस वखर सोडून आला होता सही कराले. हात कापत होता. जुळंल कशी? जुळली असती तं मलेच संशय आला असता.”

एकवीस वर्षं मी समजत होतो की ही गोष्ट मी बँकेत शिकलो.

“त्याच्या बायकोले पैसे भेटले?”

“लाल शाईनं लिवलं होतं ना. वाचलं नव्हतं का पूर्ण?”

पडद्यावर कुणीतरी आपली हकीकत सांगत होतं आणि रजित कपूर ऐकत होता. बाबा पुढे वाकून त्याच्याकडे बारकाईनं पाहू लागले. एजंटगिरीच्या उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची एवढी तारीफ केलेली मी ऐकली नव्हती. “हा पोरगा चांगला ऐकते,” ते म्हणाले. “एजंट झाला असता.”

आता खुनी उघडा पडणार, तेवढ्यात लाइन गेली. पंखा थांबला. आई आतून म्हणाली, दिवा लावू का. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “खुनी तं आपल्याले माहीत आहे.”